उणे नऊ पॉइंट सहा

रविवार, २ मार्च १९८६. ब्रॅकनेल.

काय घडले ते आधी क्रमाने लिहून ठेवते. नंतर आठवणीत फरक पडतो.

१. मंगळवार, २५ फेब्रुवारी. सकाळी नऊ वाजता बाबा बेडफर्डच्या घरामागच्या बागेत रोजच्या नोंदी घ्यायला गेले.
२. त्यांनी थर्मामीटरच्या पांढऱ्या पेटीचे दार उघडले. वहीत पेन्सिलने तीन आकडे लिहिले. आत्ताचे तापमान −५.२, कमाल ०.४, किमान −९.६. या हिवाळ्यातले सर्वांत कमी.
३. पावसाचा रकाना रिकामा आहे. पर्जन्यमापकापर्यंत ते पोहोचले नाहीत.
४. नऊ वाजून वीस मिनिटांनी आईने स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिले. पेटीचे दार उघडे होते. बाबा गवतावर पडलेले होते.
५. शेजारच्या डोरीनने फोन केला. अँब्युलन्स ९.४१ ला आली.
६. हॉस्पिटलमध्ये १०.२५ ला मृत्यू झाल्याचे सांगण्यात आले. हृदय. वय एकसष्ट.
७. मला ऑफिसात ११.१० ला कळले. मी घरी २.३५ ला पोहोचले.
८. पेटीचे दार तोवर उघडेच होते. ते मी बंद केले. आत पाहिले नाही.
९. शुक्रवारी क्रिमेटोरियममध्ये अंत्यसंस्कार. त्रिशरण, पंचशील. साठेक माणसे. माधवदादा ग्लासगोहून आला होता, तो शनिवारी परत गेला.
१०. आज मी ब्रॅकनेलला, कामाच्या गावी, परत आले.

ही वही बाबांनीच दिलेली आहे, दोन वर्षांपूर्वी. मी तिच्यात काही लिहिले नव्हते. ते म्हणाले होते, "मराठीत लिही. नाहीतर गंज चढेल." मनमाडच्या रेल्वे वर्कशॉपमधला माणूस. इथेही चोवीस वर्षे रेल्वेचे सिग्नल दुरुस्त केले, त्यामुळे त्यांच्या बोलण्यात गंज फार.

१ मार्च १९७१ पासून त्यांनी एकही दिवस चुकवला नव्हता. ताप असताना सुद्धा. पंधरा वर्षे पूर्ण व्हायला तीन दिवस कमी पडले.

ते तीन दिवस आईने भरले. बुधवारी सकाळी मी आणि दादा रजिस्ट्रारकडे जायच्या तयारीत होतो. नऊ वाजले आणि आई बाबांचा कोट घालून मागच्या दाराने बाहेर गेली. कोणी सांगितले नव्हते. आत आली, हात शेगडीवर धरले आणि म्हणाली, "चहा घेऊन जा, उपाशी जाऊ नका." मग रोजच गेली. मी राहिले ते पाचही दिवस पेटीजवळ गेले नाही. आई करत होती, म्हणून गरज नव्हती.

ठरले असे की ती रोज नोंदी घेईल आणि मी सहानंतर, फोन स्वस्त झाल्यावर, आकडे उतरवून घेईन. खंड पडता कामा नये.

सोमवार, ३ मार्च

ऑफिसात सगळ्यांनी सॉरी म्हटले. कीथने माझ्या टेबलावर कॅडबरी ठेवली. कामाला लागले. आमची कंपनी स्वयंचलित हवामान केंद्रांची उपकरणे बनवते. मी सेन्सर तपासते. माझ्या सहीशिवाय एकही बाहेर जात नाही. बाबा चिडवायचे, "तुझं यंत्र चहा पितं का? मग त्याला थंडी काय कळणार?"

नऊ वाजता एक सेन्सर माझ्या हातून पडला. चार वर्षांत पहिल्यांदा.

संध्याकाळी फोन.

"घे, लिही," आई म्हणाली. "आत्ताचं उणे एक पॉइंट दोन. जास्तीचं तीन. कमीचं उणे नऊ पॉइंट सहा. पाऊस नाही."

"कमीचं ते त्या दिवशीचं वाचलंस का, वरच्या ओळीतलं?"

"पेटीतलं वाचलं."

"काल इतकी थंडी नव्हती."

"मला काय विचारतेस? पेटीत आहे ते सांगितलं."

आकडा लिहून घेतला, पुढे प्रश्नचिन्ह टाकले.

गुरुवार, ६ मार्च

चौथा दिवस. किमान −९.६. आज तर ढग होते आणि वारा दक्षिणेकडून. माझ्या खिडकीबाहेरचा थर्मामीटर शून्याच्या खाली गेलाच नाही. बेडफर्ड आणि ब्रॅकनेलमध्ये दोन अंशांचा फरक पडू शकतो, दहाचा नाही.

चूक कुठे आहे ते उघड आहे. किमान थर्मामीटर आडवा ठेवलेला असतो. नळीत स्पिरिट असते आणि स्पिरिटच्या आत टाचणीएवढी काळी काडी. थंडी वाढली की स्पिरिट आकसते आणि काडीला आपल्याबरोबर मागे ओढते. ऊब आली की स्पिरिट पुढे जाते, काडी मात्र तिथेच राहते. म्हणून रात्री तापमान किती खाली गेले ते सकाळी काडीवरून समजते. नोंद झाली की थर्मामीटर हळूच तिरका करायचा. काडी घसरत स्पिरिटच्या टोकाशी येऊन थांबते. हे रोज करायचे. केले नाही, तर काडी जिथवर सर्वांत थंड रात्रीने नेली तिथेच बसून राहते.

बाबांनी २५ तारखेला आकडा लिहिला, पण तिरका करायच्या आत पडले. तेव्हापासून कोणीच केलेला नाही.

आईला फोनवर समजावले. दोनदा.

"कळलं?"

"कळलं. मी काय अडाणी आहे?"

"मग उद्या तिरका करशील?"

"बघते."

रविवार, ९ मार्च

कमाल ९.४. वर्षातला पहिला दिवस, ज्या दिवशी हातमोजे लागले नाहीत. स्टेशनच्या भिंतीलगत बर्फाचा काळा ढीग अजून आहे, पण खालून पोकळ झालाय. हेझलच्या झाडाचे तुरे आत्ता कुठे लोंबायला लागलेत. बाबांच्या वहीत शेवटचा रकाना 'इतर' असा असतो, त्यात ते हे सगळे लिहायचे. तुऱ्यांची तारीख साधारण जानेवारीच्या अखेरीची असते. या वर्षी पाच-सहा आठवडे उशीर.

आईचे किमान: −९.६.

बुधवार, १२ मार्च

दादाचा फोन. तो ग्लासगोला हॉस्पिटलमध्ये आहे, बोलतो वॉर्डात राउंड घेतल्यासारखा.

"लिसन, सुपू. आईला मी इकडे आणतोय. मुलांची खोली मोठी आहे. तिला एकटीला त्या घरात ठेवणं, इट्स नॉट ऑन, बरोबर नाही ते."

"तिला विचारलंस?"

"विचारलं. नाही म्हणते. म्हणते, सकाळी काम असतं. काय काम, तर तुझं ते थर्मामीटर! बर्फात, निसरड्यावर, जिथे बाबा पडले तिथेच. ती काय तुझी लॅब असिस्टंट आहे?"

"मी सांगितलं नाही तिला. ती स्वतः गेली."

"आणि तू बंद कर म्हणालीस का?"

मी म्हटले नव्हते. त्याला तसे सांगितले. तो म्हणाला, "तुम्ही दोघं, तू आणि बाबा, इतकी वर्षं फोनवर पाऊसच बोलत होता. कधी दुसरं काही बोललात?"

याचे उत्तर देता आले असते. रविवारी ते पावसाचा आकडा सांगायचे आणि मी माझा सांगायचे. त्यांचा जास्त असला की खूश व्हायचे. आम्हाला ते पुरत होते. निदान मला पुरत होते असे मी समजत होते.

शनिवार, १५ मार्च

पाऊस ६.२ मिलिमीटर. कमाल ११. किमान (आई) −९.६. तेरा दिवस सांगून झाले.

आज मी जरा तीव्रच बोलले. म्हटले, "आई, चुकीचा आकडा रिकाम्या रकान्यापेक्षा वाईट असतो. एक तर नीट कर, नाहीतर किमान लिहूच नकोस."

"तूच म्हणतेस ना, मनाचं काही लिहायचं नाही?"

"हो."

"मग मी मनाचं लिहीत नाही."

तिचे वाचन अचूक आहे, हे मान्य करावे लागते. काडी खरोखर तिथेच आहे.

सोमवार, १७ मार्च

आईचे डोळे तपासायला हवेत असे वाटून दिवसा डोरीनला फोन केला. ती पलीकडच्या घरात तीस वर्षे राहते, तिला कुंपणावरून सगळे दिसते. म्हणाली, "डोळ्यांना काही झालेलं नाही गं तिच्या. माझ्या दोरीवरचा मोजा पडलेला तिला तिच्या खिडकीतून दिसतो." मग म्हणाली, आई रोज नऊला पेटीचे दार उघडते आणि बराच वेळ उभी असते. वीस मिनिटे तरी. पावसातही. कोट बाबांचाच. ओठ हलतात.

वीस मिनिटे. तीन आकडे वाचायला एक मिनिट पुरते. म्हणजे बारीक रेषा तिला दिसत नसाव्यात आणि ती मोजत बसत असावी. ओठ हलणे याच्याशी जुळते. ऑप्टिशियनची वेळ घ्यायची, ईस्टरनंतर.

सोमवार, २४ मार्च

सकाळपासून तुफान वारा. ऑफिसच्या छताचे पत्रे वाजत होते. झाडे पडल्यामुळे गाड्या बंद. आईला दुपारीच, महाग दराने, फोन केला.

"आज बाहेर जाऊ नकोस म्हणून फोन केला."

"जाऊन आले."

"या वाऱ्यात?"

"पेटीला हात लावून उभी राहिले. हलत होती."

"आई, पेटी बोल्टने बसवलेली आहे. तिला काही होत नाही."

"मला काय माहीत. आतलं हललं असतं म्हणजे?"

हलले तर हलले, उलट बरेच झाले असते, असे मी म्हटले. ती हसली नाही. मीही विनोद म्हणून बोलले नव्हते.

रविवार, ३० मार्च. बेडफर्ड. ईस्टर.

शुक्रवारी रात्री आले. आज घड्याळे एक तास पुढे गेली. नोंद मात्र सूर्याच्या हिशेबाने, म्हणजे घड्याळात दहाला घ्यायची. आईला आठवण करून दिली.

"सरकारनं घड्याळ पुढं केलं तर थंडी पण पुढं सरकली का?" ती म्हणाली. "तुझ्या बाबांशी दर वर्षी हेच भांडण. म्हणे दहाला नऊ वाजतात. मी म्हटलं, मग जेवायला एकला ये, बारा वाजलेले असतील."

बाबा गेल्यापासून ती पहिल्यांदा इतके सलग बोलली. मला वाटले, ती सावरते आहे.

शनिवारी तिने मला पेटीकडे जाऊ दिले नव्हते, "तू दमलीस, मी बघते." आज मी तिच्याआधी गेले. वही पेटीच्या खालच्या फळीवर असते. २५ फेब्रुवारीची ओळ बाबांच्या अक्षरात. त्याखाली आईचे मराठी आकडे, मोठे आणि गोल. आत्ताचे तापमान रोज वेगळे. कमाल हळूहळू चढत गेलेले. १.२, ३.०, ७.८, ११.०, १२.६. पाऊस नीट. आणि किमानाच्या रकान्यात वरून खाली −९.६, −९.६, −९.६. बत्तीस वेळा. प्रत्येक वेळी सारखेच जपून काढलेले, कुठेही '—॥—' अशी खूण करून मोकळी झालेली नाही.

आत काडी −९.६ वर होती. स्पिरिट ५.८ वर. दोघांमध्ये बोटभर अंतर.

आई मागच्या दारात आली. हात पिठाचे.

"थांब, मी येते," ती म्हणाली.

"तुला दाखवते ना, बघ. किती सोपं आहे."

मी थर्मामीटर दोन बोटांनी उचलला आणि तिरका केला. काडी घसरली, स्पिरिटच्या टोकाशी थांबली. अर्ध्या सेकंदाचे काम.

आई पायरीवर होती. बाबांचा कोट तिने एकाच बाहीत घातला होता.

"झालं?" तिने विचारले.

"झालं. आता उद्यापासून बरोबर येईल."

ती बराच वेळ पेटीकडे बघत राहिली. मग कोट काढला, हातावर घेतला आणि आत गेली. मी नोंद पूर्ण केली. किमानापुढे लिहिले: 'निर्देशक पूर्ववत केला. २६ फेब्रु. ते ३० मार्च किमान अग्राह्य.' खाली सही.

दुपारी तिने अर्धीच चपाती खाल्ली. मी विचारले, बरे नाही का. म्हणाली, "भूक मेली." संध्याकाळी लवकर झोपली.

बागेत डॅफोडिल अजून मिटलेले. तळ्यात बेडकांची अंडी आहेत, ताजी. बाबांच्या 'इतर' रकान्यात लिहिले.

सोमवार, ३१ मार्च

आज दहाला मी वाट पाहिली. आई बाहेर गेली नाही. भांडी घासत राहिली. "तू आहेस ना, तूच बघ," म्हणाली. मी पाहिले. किमान २.१. खरा आकडा, पाच आठवड्यांत पहिला.

निघताना मी म्हटले, "उद्यापासून तू. आता काही अडचण येणार नाही."

ती म्हणाली, "नाही, आता काही अडचण नाही." आणि मला दारापर्यंत सोडायला आली नाही. हे मी नोंदवते, कारण ती नेहमी कोपऱ्यापर्यंत येते.

शुक्रवार, ४ एप्रिल

थंडी परत. गारांबरोबर बर्फाच्या भुकटीचा पाऊस. फुटलेल्या कळ्या जिथल्या तिथे थांबल्या.

आईकडून मंगळवार: "बघितलं नाही." बुधवार: "पाऊस होता." गुरुवार: "विसरले." आज फोन उचलायला वीस वेळा घंटी वाजावी लागली.

"पंधरा वर्षांत पहिला खंड पडला, आई."

"पडू दे."

मी विचारले, माझे काही चुकले का. म्हणाली, "तुझं कसं चुकेल? तू शिकलेली आहेस." तिच्या आवाजात राग नव्हता. त्यामुळे मी पुढे विचारले नाही.

बुधवार, ९ एप्रिल

कमाल ६.५. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात हे फार कमी आहे. हॉथॉर्नची पालवी टाचणीच्या टोकाएवढी, आठवडाभर तेवढीच.

दादाचा फोन. "गुड न्यूज. आई हो म्हणाली. स्वतःच फोन केला. म्हणाली, ने मला, आता इथं काय आहे. मी ३ मेला, शनिवारी, व्हॅन घेऊन येतो. घर कौन्सिलचं, भाड्याचं; त्याच दिवशी त्यांना सोडल्याचं लेटर देऊन टाकू."

"सहा आठवडे नाही म्हणत होती."

"शोक असाच असतो, सुपू. एक दिवस सुटतो. तू नको ग्राफ काढूस."

ग्राफ काढण्यासारखे काही नाही, एकच बिंदू आहे. पण ती कधी बदलली ते मला तारखेनिशी सांगता येते, आणि त्या दिवशी मी तिथे होते. त्या दिवशी एवढेच झाले की एक उपकरण दुरुस्त झाले.

सोमवार, १४ एप्रिल

भीमजयंती. आई दर वर्षी पांढरी साडी नेसून आमच्या समाजाच्या हॉलवर पन्नास माणसांची खीर करते. आज सकाळी रंभाबाईंचा मला ऑफिसात फोन. त्या आईच्या मैत्रीण, हॉलच्या किल्ल्या त्यांच्याकडे असतात. "अगं, शांताबाई आली नाही. फोटोला हार पण मीच घातला. तिला म्हटलं, हरिदासभाऊ असते तर ओढत आणलं असतं तुला. तर म्हणते कशी, एक होतं तेवढंही राहिलं नाही, आता कशाला येऊ. काय गं, एक काय होतं?"

मी म्हटले, मला माहीत नाही.

"तुम्ही पोरी शिकलात, पण आईला विचारायची अक्कल नाही आली," त्या म्हणाल्या आणि जय भीम म्हणून फोन ठेवला.

शनिवार, १९ एप्रिल

आज ब्लॅकथॉर्न फुलला. काळ्या फांद्या, एकही पान नाही, नुसती पांढरी फुले. बाबांच्या सरासरीपेक्षा जवळजवळ तीन आठवडे उशीर. वारा ईशान्येचा, अंगात शिरणारा.

ईस्टरला मी बाबांच्या जुन्या वह्या इकडे आणल्या होत्या, ऑफिसच्या मशिनवर सगळे आकडे चढवायला. आज १९७९ पर्यंत पोहोचले. त्या वर्षी जानेवारीत आजी गेली आणि बाबा एकटेच मनमाडला गेले होते. मी तेव्हा कॉलेजच्या होस्टेलवर होते. नोंदी कोणी घेतल्या हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. खंड नव्हता, एवढे माहीत होते.

१८ जानेवारी ते ७ फेब्रुवारी. एकवीस ओळी. आकडे मराठी, मोठे, गोल.

किमान: −३.१. −६.४. −०.८. १.२. −५.०. −७.७. रोज वेगळे. मी ते हवामान खात्याच्या त्या वर्षीच्या छापील तक्त्यांशी ताडून पाहिले. एकही चूक नाही.

म्हणजे तिला येत होते. सात वर्षांपूर्वी एकवीस दिवस तिने रोज थर्मामीटर तिरका केला होता. तिला शिकवायची गरज नव्हती. मी फोनवर समजावत होते तेव्हाही नव्हती.

मग एकच शक्यता उरते. मी बाकीच्या शक्यता लिहून काढल्या आणि खोडल्या: विसर, दृष्टी, हाताला कंप. एकही वीस मिनिटांशी जुळत नाही.

त्या रात्रीच्या थंडीने ती काडी तिथे नेली. बाबांनी शेवटचे जे पाहिले ते ती काडी, त्या जागी. आई रोज नऊला तिथे जात होती.

आणि मी वहीत 'अग्राह्य' लिहून सही केली.

रविवार, २० एप्रिल

काडी परत मागे नेता येते. थर्मामीटर उलट्या बाजूला तिरका केला की ती सरकते. सवय असेल तर नेमकी −९.६ वर थांबवता येते. मी सकाळी ऑफिसातून आणलेल्या एका थर्मामीटरवर करून पाहिले. तिसऱ्या प्रयत्नात जमले.

मग मी ती तिथेच ठेवून दहा मिनिटे पाहत बसले. आकडा बरोबर होता. बाकी काही नव्हते. आईलाही हे करता आले असते, तिला येते. तिने केले नाही.

संध्याकाळी फोन केला. तिने सवयीने विचारले, "तिकडं कसं आहे?" मी म्हटले, कमाल ९, वारा ईशान्येचा. मग म्हटले, "आई," आणि पुढचे वाक्य आले नाही. ती वाट पाहत होती हे मला ऐकू येत होते. मी म्हटले, "ब्लॅकथॉर्न फुलला." ती म्हणाली, "बरं."

फोन तीन मिनिटे चालला.

मंगळवार, २२ एप्रिल

साहेबांना भेटले. आमच्या केंब्रिजच्या शाखेत जूनपासून एक जागा आहे, पगार तोच, काम थोडे खालचे. कारण विचारले. घरचे, असे सांगितले. ते म्हणाले, शुक्रवारी, २ मेला दुपारपर्यंत नक्की सांग.

बुधवार, २३ एप्रिल

पत्र लिहिले. आज दुपारी पहिल्या वर्गाच्या, दुसऱ्या दिवशी पोहोचणाऱ्या टपालाने टाकले. इथे उतरवून ठेवते. तीन मसुदे फाडले, हा चौथा.

*आई,*

*फोनवर मला बोलता येत नाही, म्हणून लिहिते आहे. समोर आले असते तर मी आकडेच विचारले असते.*

*ईस्टरला मी पेटीतली काडी हलवली. तुला न विचारता. तुला ते येत नाही असे मी धरून चालले होते. शनिवारी मला १९७९ ची वही सापडली आणि तुला सगळे येते हे कळले. ती काडी तू का हलवली नाहीस ते मी विचारायला हवे होते. मला आता वाटते की मला ते कळले आहे, पण कदाचित सगळे कळलेले नसेल.*

*ती परत तशी करता येणार नाही. मी करून पाहिले. नुसता आकडा येतो.*

*बाबा गेल्यावर पाच दिवस मी त्या घरात होते आणि एकदाही पेटीजवळ गेले नाही. तू जात होतीस म्हणून, असे मी लिहून ठेवले होते. ते खरे नाही. मला जमले नसते.*

*वहीत मी तुझ्या बत्तीस नोंदींपुढे जो शेरा लिहिला आहे तो खोडणार आहे. तू पाहिलेस तेच लिहिलेस.*

*आता विचारायचे ते. दादा ३ मेला येतो आहे. त्या दिवशी घर सोडल्याचे पत्र कौन्सिलला गेले की ते घर परत मिळणार नाही. मला केंब्रिजला बदली मिळते आहे. तिथून बेडफर्डला गाडीने तासाभरात येता येते. मी घरी येऊन राहू शकते. नोंदी घ्यायच्या की नाही ते तू ठरव. मी त्यासाठी येत नाही.*

*तुला दादाकडे मनापासून जायचे असेल तर जा. मी अडवणार नाही आणि तसे दादाला सांगेन. घरी राहायचे असेल आणि मी यावे असे वाटत असेल, तर तसे लिही. घरी राहायचे आहे पण मी नको, असे असेल तर तेही लिही. मी दादाशी बोलेन आणि इथेच राहीन.*

*फोनवर सांगू नकोस. फोनवर तू "बरं" म्हणतेस आणि मला त्याचा अर्थ लावता येत नाही. तिकीट लावलेले पाकीट सोबत ठेवले आहे, वर माझा पत्ता घातला आहे. एक ओळ पुरे.*

*मला शुक्रवारी दुपारी ऑफिसला कळवायचे आहे. त्यामुळे तुझे उत्तर मला गुरुवार, १ मेपर्यंत मिळायला हवे. मंगळवारी सकाळच्या टपालात टाकलेस तर पोहोचेल.*

*सुप्रभा*